केसची भीती तिने अंगावर काढायची नाही

ताई, तुमचं म्हणणं मी आधी माझ्या शब्दांत सांगते, काही समजायचं राहिलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही सातपूरला राहता. धाकटा भाऊ २२ वर्षांचा, अंबडला ठेकेदाराकडे कामाला. गेल्या उन्हाळ्यात गावी, दिंडोरी तालुक्यात, त्याचं लग्न लावून दिलं. मुलगी आज १७ वर्षांची आहे आणि तिला चौथा महिना चालू आहे. दवाखाना अजून एकदाही दाखवलेला नाही, कारण नाव नोंदवलं की पोलीस केस होते असं गावात कुणीतरी सांगितलं. आई म्हणतात, माझी सगळी बाळंतपणं घरातच झाली. भाऊ म्हणतो हे बायकांचं काम, मी काही महिने वापीला कामाला जातो. तुम्ही विचारलंय: न्यायचं का, कुठे न्यायचं, आणि भावाला काय सांगायचं?

न्यायचं. याच आठवड्यात, आणि भावाने सोबत जायचं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. नाशिकमध्ये सरकारी प्रसूती विभागात आणि पुढे दिंडोरी-पेठ पट्ट्यात बरीच वर्षं काम केलंय. या वयाच्या मुली माझ्याकडे उशिरा येतात. कुणी आठव्या महिन्यात पहिल्यांदा, कुणी थेट कळा सुरू झाल्यावर. उशीर मुलीमुळे होत नाही. दवाखान्यात जायचं की नाही हे तिला कुणी विचारतच नाही. ते ठरतं नवरा, सासू आणि सासरा यांच्यात, आणि तिथे जो वेळ जातो त्याची किंमत मुलीचं शरीर मोजतं. म्हणून भावाचं काम काय या तुमच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे. पण आधी आईंचं म्हणणं.

पूर्वी घरात बाळंतपणं व्हायची हे खरं, आणि पूर्वी बाळंतपणात बायका जायच्या हेही तितकंच खरं. आईंच्याच गावात, त्यांच्याच पिढीत अशी एखादी असेल, त्यांना आठवून पाहायला सांगा. सतराव्या वर्षी मुलीचं स्वतःचं अंग अजून भरत असतं. आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात आधीच रक्त कमी असतं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलं तर तो रक्तक्षय, ७ च्या खाली असलं तर तीव्र रक्तक्षय. अशा मुलीला बाळंतपणात एरवी जातं तेवढं रक्त गेलं तरी ते झेपत नाही. चौथ्या महिन्यात हे कळलं तर हातात पाच महिने असतात. गोळ्या देता येतात, शिरेतून लोह देता येतं. कळा सुरू झाल्यावर कळलं तर रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ, एवढंच उरतं.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची, आणि मला तिचीच जास्त धास्ती वाटते. पहिलटकरणीत, त्यातही कमी वयात, पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. तो वाढताना काही दुखत नाही. मुलगी घरात वावरत असते, पाणी भरत असते. मग एक दिवस डोकं फुटेल इतकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा आणि हात सुजतात, छातीखाली पोटात दुखतं आणि झटके येतात. घरचे तिला भगताकडे नेतात, अंगात आलं म्हणतात. १४०/९० हा आकडा वेळेत दिसला असता तर गोळ्यांवर निभावलं असतं. रक्तदाब मोजायला दोन मिनिटं लागतात, पण त्यासाठी तिला पट्टा बांधणाऱ्या माणसापर्यंत न्यावं लागतं.

बाळाच्या बाजूने सांगायचं तर कमी वयाच्या आईचं बाळ दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मण्याची आणि अडीच किलोच्या आत भरण्याची शक्यता जास्त असते. असं बाळ घरात सांभाळणं अवघड असतं.

तुमचंच घर असं आहे असं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली तेव्हा आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. दवाखान्यातल्या कुणालाही तुमची वहिनी पाहून नवल वाटणार नाही. कुणी तोंड वाकडं केलंच, तर ऐकून न घेतल्यासारखं करा आणि तपासणी पूर्ण करूनच बाहेर पडा.

आता कायदा. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. १८ वर्षांखालची मुलगी गरोदर आहे हे कळल्यावर पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्याच्या कलम १९ मध्ये ते आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. लग्न झालंय हा बचाव चालत नाही. अठराच्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये सांगितलं आणि आता भारतीय न्याय संहितेतही तेच आहे. मूल राहिलं असेल तर पोक्सोत शिक्षा आणखी कडक, किमान २० वर्षांची आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा वेगळा. त्यात अठरावरच्या नवऱ्याला आणि लग्न लावून देणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बाईला मात्र त्या कायद्याखाली कैद होत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात तरुणाला शिक्षा दिली नाही, हे कुणीतरी तुम्हाला मोबाईलवर दाखवेल. तिथे दोष कायमच होता, आणि घटनेच्या कलम १४२ चा खास अधिकार त्या एका प्रकरणापुरता वापरला गेला. त्याच्या भरवशावर बसू नका.

हे वाचून तुमचं मन म्हणेल, मग न नेलेलंच बरं. ताई, नीट विचार करा. नऊ महिने भरले की मूल जन्मणारच. तेव्हा जन्माचा दाखला लागेल, लसीकरण होईल, तिचं आधार कार्ड कुणीतरी पाहील. रात्री दोन वाजता झटके आले तर तुम्ही तिला दवाखान्यात आणालच, आणि तेव्हाही वय विचारलं जाईल. दवाखाना टाळून केस टळत नाही, ती पुढे ढकलली जाते. मधले पाच महिने मुलगी तपासणीविना राहते, एवढाच फरक पडतो. आणि मुलीला काही झालं तर भावावरचं ओझं कितीतरी पटींनी वाढतं.

वय खोटं सांगू नका, तेही याच कारणाने. एकोणीस सांगा म्हणून शिकवून आणलेल्या मुली आम्हाला रोज दिसतात. खरं वय माहीत असलं की आम्ही तिला जोखमीची माता म्हणून धरतो, तिला जास्त वेळा बोलावतो, रक्तदाबावर बारीक नजर ठेवतो. खोट्या वयामुळे हे सगळं सुटतं, आणि पुढे ते खोटं उघडं पडतंच.

मुलीसाठी कायद्यात जे आहे तेही तिला कळू द्या, कारण पोलीस म्हटलं की तिला वाटतं आपल्यालाच धरून नेतील. ती गुन्हेगार नाही. तिचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो. पोलिसांना २४ तासांत बालकल्याण समितीला कळवावं लागतं, आणि समिती तिच्या मदतीला एक सहाय्यक व्यक्ती देऊ शकते. तिचं नाव कुठे छापता येत नाही. पोलिसांचा कागद आणा मग तपासतो, असं म्हणून तातडीचे उपचार अडवून धरता येत नाहीत. तिच्या पोटातलं बाळ कायद्याने औरसच मानलं जातं. आणि हे लग्न तिला नको असेल तर अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ती न्यायालयातून ते रद्द करून घेऊ शकते.

भावाने आणि आई-वडिलांनी आधी वकिलाशी बोलावं. नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालय आहे, तिथल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना वकील मोफत मिळतो. पण वकिलाची तारीख मिळेपर्यंत तपासणी थांबवायची नाही. दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतं.

तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही, ती मी विचारते. मुलीला काय हवंय? तिच्याशी एकटीशी कुणी बोललंय का? दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर सासूला आणि नवऱ्याला थोडा वेळ बाहेर बसवतील, तेव्हा वाद घालू नका. संबंध तिच्या मर्जीने आले का, घरात मारहाण होते का, हे मूल तिला ठेवायचंय का, हे प्रश्न नवऱ्यासमोर विचारून काही उपयोग नसतो. गर्भपाताचा कायदा सांगते: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर आणि अल्पवयीन मुलीसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. अठराखालच्या मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते, पण मुलीच्या स्वतःच्या होकाराशिवाय तो कुणालाच करता येत नाही. सासूला नाही, नवऱ्याला नाही, माहेरच्यांनाही नाही. उलट बाजूने, तिला नको असेल तर ठेवायची सक्तीही करायची नाही. तिने गर्भपात निवडला आणि तिने व तिच्या पालकांनी तशी विनंती केली, तर कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. चौथा महिना म्हणजे हातात आठवडे मोजकेच आहेत. घाईचं हे आणखी एक कारण.

मेडिकलमधून गोळ्या आणण्याचा विचार घरात कुणाच्या मनात असेल तर आजच थांबवा. या गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायच्या असतात. चौथ्या महिन्यात घरी दिल्या तर अर्धवट गर्भपात आणि थांबता न थांबणारा रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी गोळी आणणारा जवळजवळ नेहमी नवरा किंवा मित्र असतो. त्याला वाटतं आपण प्रश्न सोडवला.

आता भाऊ.

तो वापीला जाऊ म्हणतो, त्यावरून तो वाईट मुलगा आहे असा निष्कर्ष मी काढत नाही. बावीस वर्षांच्या मुलाला गरोदरपणाबद्दल आपल्याकडे कुणी काहीच सांगत नाही. आईने सांगितलेलं नसतं, बापाने तर नाहीच, शाळेत तो धडा घाईने उरकलेला असतो. लग्न मोठ्यांनी ठरवलं आणि आता केस त्याच्या नावावर होणार, हेही त्याला दिसतंय. त्याची भीती खरी आहे. पण ती भीती तिने अंगावर काढायची नाही, एवढं त्याला समोर बसवून सांगा. आणि तो निघून गेला तर कागदावर त्याचं नाव फरार म्हणून लागू शकतं, जामिनाच्या वेळी ते त्यालाच नडेल. वकीलही त्याला हेच सांगतील.

नुसतं ‘जबाबदार हो’ म्हटल्याने मुलगे जबाबदार होत नाहीत. त्यांना हातात काम द्यावं लागतं, म्हणून कामच सांगते.

पहिल्या तपासणीला तो सोबत आला की त्याचंही रक्त तपासून घ्या. आपल्या पट्ट्यात, म्हणजे पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा आई-बापाकडून मुलात येणारा रक्ताचा आजार आढळतो. मुलगी सिकलसेलची वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी झालीच पाहिजे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्याचा गट पाहावा लागतो, कारण त्यावर तिला अँटी-डी इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं. एचआयव्ही, गुप्तरोग आणि कावीळ ब यांच्या तपासण्याही एकट्या बायकोच्या करून भागत नाही. नवरा रक्त द्यायला तयार नसतो, हा माझा नेहमीचा अनुभव. ‘मला काय झालंय?’ असं विचारतो. काही झालेलं नसलं तरी तपासायचं, हे तुम्ही मोठी बहीण म्हणून त्याला सांगू शकता. माझ्यापेक्षा तुमचं तो ऐकेल.

दुसरं काम मजुरीचं. तुमच्या गावाकडे द्राक्षबागांचा हंगाम असतो, मुकादम नवरा-बायकोची जोडी धरून उचल देतो. भावाने किंवा वडिलांनी तिच्या नावावर उचल घेतली असेल तर ती मोडायची जबाबदारी त्यांची. विरळणीला दिवसभर मान वर करून उभं राहणं, घड औषधात बुडवायची डिपिंगची कामं, फवारणी झालेल्या बागेत लगेच शिरणं, हे तिने आता करायचं नाही. मुकादमाला नाही म्हणणं सतरा वर्षांच्या सुनेला शक्य नाही. नवऱ्याला शक्य आहे.

तिसरं, घरातलं जेवण. बहुतेक घरांत सून शेवटी जेवते आणि उरेल ते जेवते. ही पद्धत सासूने नाही मोडली तरी नवऱ्याने शेजारी ताट घेऊन बसलं की मोडते. नाचणीची भाकरी, डाळ, मेथी-पालेभाजी, अंडं, शेंगदाणे, गूळ, जे घरात आहे तेच, पण पोटभर आणि वेळेवर. लोहाची लाल गोळी रोज एक, गरोदरपणात किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. चहासोबत घ्यायची नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवायचं. गोळीने शौचाला काळं होतं, कधी मळमळतं, म्हणून मुली ती गुपचूप टाकून देतात. रात्री झोपताना गोळी आणि पाण्याचा तांब्या भावाने स्वतः हातात द्यावा. हे साधं वाटेल, पण हिमोग्लोबिन वाढतं ते अशाच घरांत.

चौथं काम शरीरसंबंधाचं, आणि हे तुम्हाला बोलायला अवघड जाईल. ती अठरा पूर्ण होईपर्यंत संबंध हा कायद्याने गुन्हाच आहे, दाराआड असला तरी. तिचं ‘नको’ अठरानंतरही नकोच असतं. हे तुमच्याऐवजी पुरुष समुपदेशकाने सांगितलं तर बरं. किशोरवयीनांसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे विचारा.

बाळंतपण कुठे? गावातली आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडे नाव नोंदवा, माता-बाल कार्ड घ्या, धनुर्वाताची लस तिथेच घ्या. सोनोग्राफी पाचव्या महिन्यात, साधारण १८ ते २० आठवड्यांत व्हायला हवी. बाळंतपण मात्र जिथे सिझेरियन, रक्त आणि नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे तिथेच ठरवा. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचं सिव्हिल हॉस्पिटल आहे. दिंडोरीहून नाशिक पंचवीसेक किलोमीटर, म्हणून नववा महिना लागला की तिला सातपूरला तुमच्याकडे आणून ठेवता आलं तर उत्तम. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे दोन्ही नंबर भावाच्या मोबाईलमध्ये आत्ताच हवेत. रात्री गाडी कुणाची मिळेल आणि गरज पडली तर रक्त द्यायला कोणते दोन-तीन मित्र येतील, हे त्याने आठव्या महिन्याच्या आत ठरवून ठेवावं.

बाळ लहान जन्मलं तर त्याला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची कांगारू पद्धत असते. ती बापालाही करता येते. आई थकलेली असताना बापाच्या छातीवर बाळ तासनतास राहू शकतं. सुरुवातीला लाजणारे बाप दोन दिवसांत बाळ खाली ठेवायला तयार नसतात, हे मी वॉर्डात पाहिलंय.

पुढचं मूल लगेच नको, किमान तीन वर्षांचं अंतर हवं. बाळंतपण झाल्यावर ४८ तासांत तांबी बसवता येते आणि हवी तेव्हा काढता येते. अंगावर पाजत असेल तर दीड महिन्यानंतर तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन चालतं, ‘छाया’ गोळीही चालते. निरोध आशाताईंकडे मोफत मिळतो, आणि तो वापरायची जबाबदारी पूर्णपणे त्याची. यांतलं काय घ्यायचं ते बाळंतपणाच्या आधीच, तिच्याशी बोलून ठरवा. कळांमध्ये विचारून मिळालेलं ‘हो’ मी तरी हो धरत नाही.

तिची दहावी झाली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बारावीला बाहेरून बसण्याची चौकशी करा. बाळ झालं म्हणून शाळा संपली असं घरात कुणी ठरवू नये.

आणि भाऊ एवढं सगळं सांगूनही वापीला निघून गेला तर त्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी तुम्ही स्वतः गावी जा, आशाताईंना सोबत घ्या आणि मुलीला तपासणीला आणा. सोबत तिचं आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि शेवटची पाळी कधी आली ती तारीख लागेल. तिच्या माहेरच्यांनाही बोलवा, कारण ती अल्पवयीन असल्याने काही निर्णयांवर त्यांची सही लागेल. घरातून कुणी अडवलं किंवा मुलीला धमकावलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, तो दिवसरात्र चालू असतो. भाऊ महिन्याने परत आला, तर त्याच्या तपासण्या तेव्हा करून घेऊ.